एक रुपया न लावता पोकर: फुकट टूर्नामेंटचा सराव कसा करायचा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात तीन पत्तीचे डाव बसतात. कुणाच्या गोठ्यात, नाल्याकाठी, नाहीतर एखाद्या बंद खोलीत. दरवर्षी पोलिसांची गाडी येते, चार-दोन जणांवर जुगाराचा गुन्हा लागतो आणि पुढच्या पोळ्याला डाव पुन्हा बसतातच. मी नववीत असताना माझे मोठे काका अशाच एका डावात फवारणीचे पैसे हरले. पऱ्हाटी पात्याफुलावर होती. त्या वर्षी वावरात औषध पडलंच नाही, आणि दिवाळीपर्यंत घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. म्हणून पत्त्यांवर लिहिताना माझी अट आधीच सांगतो: इथे एक रुपयाही लावायचा नाही. आजही नाही आणि ‘हात बसल्यावर’ही नाही.

तरीही लिहितोय, कारण पोकर मला मनापासून आवडतो. हिवाळ्यात हरभऱ्याला रात्रीची लाईन असली की मोटर सुरू करून बांधावर बसावं लागतं. त्या बसण्यात मी हा खेळ मोबाईलवर फुकटच्या टूर्नामेंट खेळत शिकलो. शिकवायला कुणी नव्हतं, चुका भरपूर केल्या. तुमच्या त्यातल्या निम्म्या तरी टळाव्यात.

आधी कायद्याचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेनं खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ त्यानं बंद केला. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ ही जुनी पळवाटही त्यात उरली नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्यामुळे या लेखात टूर्नामेंट म्हणजे ॲपनं फुकट दिलेल्या चिप्सची (खेळातल्या लटक्या पैशांची), जिथे भरायचंही काही नाही आणि काढायचंही काही नाही. वय अठरा पूर्ण नसेल तर हेही नको.

फुकट प्रवेशाच्या टूर्नामेंटला पोकरवाले ‘फ्रीरोल’ म्हणतात. परदेशात काही फ्रीरोलमध्ये बक्षीस असतं आणि तिथून मोठे झालेले खेळाडूही आहेत. नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टाड अशाच फुकट टूर्नामेंटमधून वर आली आणि २००७ साली लंडनमध्ये पोकरच्या जागतिक मालिकेची युरोपातली मुख्य स्पर्धा जिंकली. तेव्हा तिला एकोणीस पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. अमेरिकेच्या ख्रिस फर्ग्युसननं २००६ मध्ये शून्यापासून, फक्त फ्रीरोल खेळत सुरुवात केली आणि दहा हजार डॉलर करून दाखवले. त्याला जवळपास दीड वर्ष लागलं, तेही तो आधीच जगज्जेता असताना. या गोष्टी सांगितल्या त्या फुकटच्या मेजावर खरंच शिकता येतं एवढ्यासाठी. पैशाचा तो रस्ता आपल्याकडे बंद आहे, आणि माझ्या मते ते बरंच झालं.

पहिलं काम: तीन पत्ती डोक्यातून काढा

तीन पत्ती येणारा माणूस पोकरमध्ये कोऱ्या माणसापेक्षा जास्त चुकतो. मीही तसाच चुकलो.

पोकरचा जो प्रकार आपण शिकतोय त्या टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मधे सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडतात: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न, मग शेवटचा रिव्हर. आपले दोन आणि मधले पाच, अशा सातांतून सगळ्यात चांगले पाच धरायचे. दोन पत्ते मिळाल्यावर एकदा आणि मधले पत्ते उघडताना तीनदा, अशी बोली चार वेळा लागते.

आता गोंधळ कुठे होतो ते बघा. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीनं आलेले पत्ते) कलरच्या (सगळे एकाच रंगाचे) वर. पोकरमध्ये उलटं, कलर म्हणजे फ्लश हा सिक्वेन्सच्या म्हणजे स्ट्रेटच्या वर. कारण साधं आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधा सिक्वेन्स ७२० वेळा आणि कलर १,०९६ वेळा. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पाच पत्त्यांत चित्र पालटतं: स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. पहिल्या महिन्यात मी स्ट्रेट हाती धरून, मधे चार बदाम उघडे दिसत असतानाही सगळ्या चिप्स लावल्या, आणि वर ‘ॲप फसवतं’ म्हणून ओरडलोही. फसवत कुणी नव्हतं, चूक माझीच होती.

पूर्ण क्रम वरून खाली असा: स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचा सिक्वेन्स), चार सारखे, फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी), फ्लश, स्ट्रेट, तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एक्का-दुर्री-तिर्री फार मोठी धरतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट असतो. हा क्रम कागदावर लिहून मोबाईलच्या कव्हरमागे ठेवा. आठ दिवसांत पाठ होतो.

दुसरा घोटाळा ‘ब्लाइंड’ या शब्दाचा. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता चाल. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे डीलरच्या बटनाच्या (पत्ते वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) डावीकडच्या दोघांना पत्ते बघण्याआधीच टाकावी लागणारी सक्तीची रक्कम, एकाला लहान, दुसऱ्याला मोठी. बटन दर डावाला एक जागा सरकतं, म्हणून ती पाळी प्रत्येकावर येते. साइड शो वगैरे इथे नाही.

ॲप आणि नेटवर्क

हे भराभर सांगतो. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीच नको, मग ती सख्ख्या मित्रानं का पाठवलेली असेना. फुकट ॲपही चिप्स विकतात, त्यामुळे स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. नोंदणीला आधार किंवा बँक खातं मागणाऱ्या ॲपमधून लगेच बाहेर पडा. ‘तुम्ही जिंकलात, पैसे घ्यायला पिन टाका’ असं आलं तर ती फसवणूकच आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी फसलाच तर सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३०, आणि फोन लगेच करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आता नेटवर्क. पोकरला व्हिडिओइतका डेटा लागत नाही, पण रेंज टिकून राहावी लागते. तुमची पाळी आली की काही सेकंदच मिळतात. रेंज गेली तर ॲप तुमचे पत्ते टाकून देतं आणि ब्लाइंड मात्र कापत राहतं. आमच्या वावरात विहिरीजवळ एक काडी रेंज असते आणि मेरेवरच्या पळसाखाली तीन, म्हणून मी पळसाखालीच बसतो. लाईन जाण्याआधी मोबाईल भरून घ्या. आणि जागलीला एकटेच असाल तर खेळू नका. रानडुकरांचा कळप वावरात शिरला की टूर्नामेंट थांबवता येत नाही, आणि हरभरा जास्त महत्त्वाचा आहे.

कोणती टूर्नामेंट निवडायची

नावावर जाऊ नका, माहितीचं पान उघडा. सुरुवातीला चिप्स किती, पहिला ब्लाइंड किती आणि ब्लाइंड किती मिनिटांनी वाढतो, एवढं बघा. सुरुवातीला ३,००० चिप्स आणि ब्लाइंड १५-३० असेल तर तुमच्याकडे मोठे ब्लाइंड शंभर झाले. ही शिकण्यासारखी टूर्नामेंट. ब्लाइंड आठ-दहा मिनिटांनी वाढत असेल तर उत्तम. दर तीन मिनिटांनी वाढणारी घाईची टूर्नामेंट सोडा. तिथे विचाराला जागाच मिळत नाही आणि शेवटी पत्तेच ठरवतात.

बाहेर पडल्यावर पुन्हा चिप्स घेऊन बसता येतं, अशीही टूर्नामेंट नको. दुसरी संधी आहे हे माहीत असलं की माणूस पहिली जपत नाही. वेळ ग्रिनिचची दिली असेल तर साडेपाच तास मिळवा: तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. शेवटपर्यंत टिकलात तर तीन-चार तास जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे वेचणीला बाया सांगितल्या असतील तर बसूच नका.

पहिला तास: पत्ते टाकायला शिका

इथे मी जरा थांबणार, कारण फुकट टूर्नामेंटचा सगळा फायदा आणि सगळा त्रास या तासात आहे.

फुकट मेजावर पहिल्या दहा मिनिटांत निम्मे लोक ऑल-इन करतात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतात. त्यांचं काही जात नाही. कुणी सत्ती-दुर्रीवर सगळं लावतो आणि कधीकधी जिंकतोही. ते बघून आपलाही हात शिवशिवतो. नेमकं तेव्हा टाकायचं. नऊ जणांच्या मेजावर सुरुवातीच्या जागांवरून, म्हणजे आधी बोलावं लागतं तिथून, मी एवढेच पत्ते खेळतो: दहाच्या वरच्या जोड्या, एक्का-बादशहा आणि एक्का-राणी. शेवटच्या जागांवर मधल्या जोड्या आणि एकाच रंगाचे दोन चित्रपत्तेही यात धरतो. बाकी सगळं टाकतो. दहांतले आठ-नऊ डाव नुसते बघण्यात जातात आणि कंटाळा येतो. हा कंटाळा सोसता येणं म्हणजेच अर्धा खेळ.

चांगले पत्ते आले की मात्र बोली दाबून वाढवा. पुस्तकी सल्ला मोठ्या ब्लाइंडच्या अडीच-तीन पटीचा असतो. फुकट मेजावर तेवढ्यानं कुणी हटत नाही, चार जण मागे येतात. आणि मागे चार जण आले की काय होतं ते आकड्यांत बघा. दोन एक्के एकाच माणसासमोर शंभरात ८५ वेळा जिंकतात. कसेही पत्ते धरलेल्या चौघांसमोर तेच एक्के ५६ वर येतात. आठांसमोर ३५. म्हणजे ‘एक्के होते तरी हरलो’ हे रडणं चुकीचं. गर्दी आपणच होऊ दिली. म्हणून सुरुवातीला मी पाच-सहा पट वाढवतो, एखाददुसराच मागे यावा म्हणून. दोन एक्के २२१ डावांतून एकदा मिळतात, आणि कोणतीही जोडी साधारण सतरांतून एकदा. आलेली संधी गर्दीत घालवू नये.

एक्का-बादशहावर जीव लावू नका. न जुळणारे दोन पत्ते धरले तर तीनपैकी दोन वेळा फ्लॉपवर काहीच जुळत नाही. जुळलं नाही आणि दोघे जण मागे असतील तर सोडा.

आणि इथे बनवाबनवी, म्हणजे ब्लफ करू नका. ब्लफ चालतो तो समोरचा पत्ते टाकेल या भरवशावर. फुकट मेजावरचा माणूस पत्ते टाकायला बसलेलाच नसतो. ब्लफ शिकायला ही शाळा नाही, हे मी दोन हिवाळे घालवून शिकलो.

जागा

बटनावर बसलेला माणूस फ्लॉपनंतर दर वेळी शेवटी बोलतो, म्हणजे सगळ्यांनी काय केलं ते बघून ठरवतो. पहिल्या जागेवरचा आंधळेपणानं ठरवतो. तेच पत्ते, पण किंमत वेगळी. ओब्रेस्टाडनं एकदा १८० जणांची ऑनलाइन टूर्नामेंट स्वतःचे पत्ते झाकून, जवळजवळ न बघता जिंकून दाखवली. समोरच्याचं वागणं आणि स्वतःची जागा एवढ्यावर किती खेळता येतं, हे तिला बघायचं होतं. तुम्ही आठवडाभर एवढंच करा: प्रत्येक डावात स्वतःचे पत्ते बघण्याआधी बटन कुठे आहे ते बघा.

हिशेब: चार आणि दोन

गणिताला घाबरू नका, बाजारात तुरीचा भाव लावताना यापेक्षा जास्त गणित करतो आपण. तुमच्याकडे बदामाचे दोन, मधे बदामाचे दोन. बदाम एकूण तेरा, चार दिसले, नऊ उरले. हे नऊ तुमच्या कामाचे पत्ते. दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर नवाला चारानं गुणा: ३६. एकच बाकी असेल तर दोनानं: १८. शंभरात साधारण तेवढ्या वेळा तुमचा फ्लश लागतो. नेमके आकडे ३५ आणि जवळजवळ २० आहेत, पण घाईत एवढं पुरतं. दोन्हीकडून लागू शकणाऱ्या स्ट्रेटला कामाचे पत्ते आठ.

आता हे मधल्या ढिगाशी ताडून बघा. ढीग ६००, समोरच्यानं ३०० लावले, तेवढेच त्याच्याकडे होते. तुम्ही ३०० टाकून ९०० साठी खेळता, एकूण १,२०० होतात. ३०० म्हणजे त्याचा पाव हिस्सा, म्हणून शंभरात २५ वेळा तरी जिंकायला हवं. फ्लॉपवर असाल तर ३६ आहेत, खेळा. टर्नवर असाल तर १८ आहेत, टाका. ‘बदाम येईलच, मला वाटतंय’ ही भावना बाजूला ठेवून दोन आकडे ताडून बघणं, एवढीच सवय लावायची आहे.

मधला टप्पा: चिप्स नाही, ब्लाइंड मोजा

तासाभरानंतर निम्म्याहून जास्त लोक गेलेले असतात आणि उरलेले जरा जपून खेळतात. इथून खरा पोकर सुरू होतो. मेजावर तुमच्या नावापुढे ३,६०० दिसतं, ते मोठं वाटतं. पण ब्लाइंड २००-४०० असेल तर ते फक्त नऊ मोठे ब्लाइंड आहेत. एका फेरीला ६०० जातात, म्हणजे काही न करता बसलात तरी सहा फेऱ्यांत संपलात.

दहा ब्लाइंडच्या खाली आलात की थोडंथोडं वाढवणं बंद. एकतर ऑल-इन, नाहीतर टाका. बटनावर असाल आणि आधीच्या सगळ्यांनी टाकले असतील तर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, दोन चित्रपत्ते: ढकला. पहिल्या जागेवर असाल तर सातच्या वरच्या जोड्या, एक्का-दहा किंवा त्याहून चांगले, एवढेच. फुकट मेजावर लोक जास्त कॉल करतात, म्हणजे समोरच्याइतकेच लावून मागे येतात, म्हणून एक्का-दुर्रीसारखे कच्चे एक्के मी यातून वगळतो. सगळ्यात वाईट म्हणजे चांगल्या पत्त्यांची वाट बघत तीन ब्लाइंडवर येणं. तेव्हा तुमचा ऑल-इन कुणालाच हटवत नाही.

वही

वही नसेल तर हा सराव नव्हे, वेळ घालवणं आहे. मी शाळेची दोनशे पानी वही केली. उजव्या पानावर फक्त इतकं लिहायचं: ब्लाइंड किती, माझ्याकडे किती ब्लाइंड, जागा कोणती, पत्ते कोणते, समोरच्यानं काय केलं आणि मी काय केलं. सगळे डाव नाही, फक्त ज्यात अर्ध्याहून जास्त चिप्स गेल्या किंवा लागल्या ते. निकाल मात्र उजव्या पानावर लिहायचा नाही. तो पान उलटून मागे.

का, ते एका नोंदीवरून सांगतो. ब्लाइंड १५०-३००, माझ्याकडे २,७००, बटनावर, एक्का-नव्वी, आधीच्या सगळ्यांनी टाकले. मी ऑल-इन केलं. मोठ्या ब्लाइंडवाल्यानं गुलाम-दहा घेऊन कॉल केला, रिव्हरला दश्शी आली, मी बाहेर. त्या रात्री वाटलं की काय मूर्खपणा केला. चार दिवसांनी मागचं पान न बघता वाचलं तेव्हा दिसलं की निर्णय बरोबर होता. त्या दोन हातांत निम्म्याहून जास्त वेळा एक्का-नव्वीच जिंकते. शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो. तेवढा पाऊस बघून पेरलं आणि नंतर वीस दिवस खंड पडला, तर पेरणारा चुकला नाही. पहिल्याच शिंतोड्यावर पेरलं आणि नशिबानं पाऊस लागून राहिला, तर तो बरोबर ठरत नाही. वहीत पेरणीचा निर्णय तपासायचा, पीक नाही.

माझ्या वहीत उलटी उदाहरणं जास्त निघाली. जिंकलेले कितीतरी डाव दुसऱ्या वाचनात चुकीचे ठरले, आणि तेच मला सगळ्यात जास्त शिकवून गेले.

तीस टूर्नामेंट झाल्या की वही एका बैठकीत वाचा. हजार माणसांत पहिला आलो का हे विचारू नका, चांगला खेळाडूही बहुतेक वेळा मधेच जातो. पहिला तास किती वेळा ओलांडला, तीन ब्लाइंडवर येऊन किती वेळा संपलो आणि एकच चूक कितीदा लिहिली, एवढं मोजा. माझी वारंवार येणारी चूक लहान जोडी न सोडण्याची होती. फ्लॉपवर तिसरा पत्ता जुळणं साडेआठांत एकदाच होतं, आणि मी दर वेळी रिव्हरपर्यंत जात होतो.

थांबायचं कधी

आठवड्याला दोन टूर्नामेंट, त्याहून जास्त नाही. हरल्याच्या रागात लगेच दुसरी लावावीशी वाटली की मोबाईल खाली ठेवा. ती इच्छा फुकट चिप्सवरही तशीच येते, आणि काकांना त्या रात्री तीच आली असणार. चिप्स विकत घ्यायचं मनात आलं किंवा झोप आणि काम मोडायला लागलं, तर ॲप काढून टाका. कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुढची पायरी

वही भरली की दोन वाटा आहेत. एक, त्याच ॲपमध्ये जास्त चिप्सच्या प्रवेशाच्या टूर्नामेंट. जमवलेल्या फुकट चिप्सनंच तिथे बसता येतं, आणि ज्यांनी त्या महिनोन्महिने जमवल्यात ते पत्ते टाकायला शिकलेले असतात. ब्लफ, समोरच्याच्या बोलीचा अर्थ, हे सगळं तिथे शिकायला मिळतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते. उन्हाळ्यात, शेतीची कामं नसताना, आम्ही पाच जण आमच्या ओसरीत चिचोक्यांवर खेळतो. प्रत्येकाला शंभर चिचोके, ब्लाइंड एक-दोन, दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. डाव झाला की सगळ्यांनी पत्ते उघडायचे आणि का खेळलं ते सांगायचं, हा आमचा नियम. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा ॲपवर दिसत नाही, इथे दिसतो. मोठे काकाही आता येऊन बसतात. पहिले काही दिवस ते सिक्वेन्स दाखवून ढीग ओढायला हात पुढे करायचे आणि कलरवाला त्यांचा हात धरायचा. आता ते स्वतःच आधी बदाम मोजतात. रात्री चिचोके मोजून आईच्या डब्यात परत जातात.